ताडपत्रीचं चौथं टोक
ओल्या ज्वारीचा वास आला की आमचं बदनापूरकडचं खळं आठवतं. गारपिटीला गाव कसं तोंड देतं, हे कॉलेजसाठी टिपायला मी उसना कॅमेरा घेऊन गेलो होतो. दुपारीच आभाळ काळं पडलं आणि गारा सुरू झाल्या. गारा थांबाव्यात म्हणून आईनं विळा खळ्याबाहेर भिरकावला आणि ती वडील-दादांबरोबर ज्वारीवर ताडपत्री ओढू लागली. मी कॅमेरा खाली ठेवतोय हे पाहून वडील ओरडले, “तू फोटू काढ! घरात तू एकटा शिकून राह्यला, आम्ही करतो बराबर!” दादा हसला, “साहेब, माझा चांगला काढा!” मी काढला. वर्षाची ज्वारी भिजली. फोटोचं कॉलेजात फार कौतुक झालं. आज तो माझ्या भिंतीवर आहे. त्यात तिघांनी तीन टोकं धरली आहेत आणि चौथं वाऱ्यावर उडतं आहे.