काचेपलीकडचा सिनेमा

टीव्ही दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाच्या दुकानात वर्षानुवर्षं एकच सिनेमा लागायचा. विलायतेतला. मेलेली माणसं उठून चालायला लागतात आणि तरीही आपण पोट धरून हसतो, असा. कुणी म्हणेल, एवढं काय आहे त्यात? त्याच्या लेखी त्यात सगळं होतं. अंधारातले चेहरे दिसले की पडद्याचा काळा कळे, रक्त दिसलं की लाल कळे, आणि कुजबुजीनंतर बाटली फुटली की स्पीकरची लायकी कळे. टीव्ही सुधारला की डिस्क बाहेर. शेवटापर्यंत सिनेमा त्यानं कधी जाऊच दिला नाही. सिनेमा संपला की धंदाही संपेल, असं कधीतरी त्याच्या मनानं घेतलं होतं, आणि ते काढून टाकायचं हत्यार त्याच्या पेटीत नव्हतं.

रस्त्यापलीकडे शिंप्याचं दुकान. तिथले मास्तर मशिनवर बसून काचेतून सिनेमा बघत. आवाजाचा प्रश्नच नव्हता. मधे काच, रहदारी आणि त्यांच्याच मशिनची खडखड. त्यामुळे गोष्ट त्यांनी आपल्या मनानंच रचली होती. नायकाच्या आईला ते कितीतरी वर्षं त्याची सासू समजत होते.

"अरे इंजिनिअर," ते मशिन थांबवून दारातून ओरडत, "तुझी मेलेली मंडळी माझ्या गिऱ्हाइकांसारखीच चालतात बघ! कपडे झाले का, कपडे झाले का!"

"आणि तो हिरो तुमच्यासारखा, मास्तर. जग बुडालं तरी पत्ता नाही."

ते खरंच होतं. नायक झोपेतच रस्त्यानं निघतो, आजूबाजूला सगळी मढी, आणि त्याला त्याचं काही नाही. सिनेमा त्या जागी आला की फुटपाथवरची माणसं थांबायचीच. घाईची कामं असलेलीसुद्धा.

मग एका कोटाला मास्तरांनी दोन्ही बाह्या डाव्याच जोडल्या. गिऱ्हाईक हसलं, मास्तरही हसले, पण त्यांची बायको त्यांना त्याच दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमागची शीर सुकत चालली आहे. उरलेली नजरही फार टिकायची नाही.

रस्ता ओलांडून वहिनी टीव्हीच्या दुकानात आल्या त्या थेट विषयावरच. "भावजी, मी विचारलं, जाऊ कुठे फिरायला? समुद्र, डोंगर, काय बघायचं ते बघून घ्या. तर म्हणतात, त्या सिनेमाचा शेवट बघायचाय."

त्यानं टेबलाकडे पाहिलं. कामाला एकच टीव्ही शिल्लक होता. हल्ली लोक दुरुस्त करत नाहीत, नवा आणतात. त्याला वाटलं, आपण शेवट लावायचा आणि उद्या शटर कायमचं खाली. मग स्वतःचीच लाज वाटली. माणसाची नजर चालली आहे, आणि आपण डिस्कला भितोय!

रविवारी दुपारी मास्तर पडद्याला नाक लावून बसले. सिनेमा पुढे गेला, नेहमीच्या जागेच्या पलीकडे गेला, आणि दोघंही लहान पोरांसारखे अनोळखी प्रदेशात शिरले. शेवटी नायकाचा जिवलग मित्र मेलेल्यांतला एक होतो. नायक मात्र त्याला टाकत नाही. घराच्या मागच्या खोलीत साखळीनं बांधून ठेवतो आणि रोज त्याच्यासोबत खेळ खेळत बसतो.

मास्तर खुर्चीवरून उठले. डोळ्यांत औषध घातलं आणि निघून गेले.

धंदा त्या दिवशी संपला नाही, नेहमीसारखाच हळूहळू आटत राहिला. नजर मात्र गेली. एका सकाळी वहिनींचा हात धरून मास्तर आले आणि म्हणाले, "लाव."

"कामाला टीव्हीच नाही, मास्तर."

"मग तुझा लाव."

त्यानं लावला. मास्तरांनी तोंड रस्त्याकडेच ठेवलं आणि सांगायला सुरुवात केली. "आता दार उघडेल. तो जांभई देईल. डाव्या हाताला लाल शर्टवाली बाई, तिची वरची गुंडी तुटलेली. आता घसरेल बघ!" आणि नायक घसरण्याआधीच ते हसले. आवाज त्यांनी त्या रविवारी एकदाच ऐकले होते, चित्र सगळं आतच होतं. गुंडीसकट.

त्यानंही डोळे मिटून पाहिले. नुसता गलका. इतकी वर्षं त्यानं काळा पाहिला, लाल पाहिला, पडद्यावरच्या रेघा पाहिल्या. बाई कधी पाहिलीच नव्हती. तो थक्क झाला. एवढासा हसरा सिनेमा, मधे काच, रस्ता, खडखड, आणि तरी एका माणसात तो अख्खा जाऊन बसला होता!

शेवट आला. साखळी वाजली.

"इंजिनिअर," मास्तर म्हणाले, "मलाही मागच्या खोलीत टाकणार का रे आता?"

तो उठला आणि स्वतःची खुर्ची उचलून पडद्यासमोर, काचेच्या आतल्या बाजूला ठेवली.

"मास्तर, इकडे बसा. रोज. आणि त्या बाईच्या शर्टाला एकूण गुंड्या किती, ते सांगा मला."