आमची ‘कौटुंबिक’ कादंबरी

आमच्या वाचन मंडळाचे किस्से सांगायला बसले की एकातून दुसरा निघतो, दुसऱ्यातून तिसरा, आणि समोरचा चहा गार होतो. नव्वदीतली गोष्ट आहे ही. घरोघरी केबल आली होती, तरी दिल्लीच्या आर. के. पुरमातल्या आम्हा मराठी मंडळींना दर शनिवारी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये बसून मोठ्यानं कादंबरी वाचायची भारी हौस! पुस्तक एकच, वाचायचं आळीपाळीनं. आणि त्या एका कादंबरीनं जी धमाल उडवली, विचारू नका!

* * *

मुळात घोळ जोशीकाकांचा. काका मिनिस्ट्रीतून रिटायर झालेले. ते पुण्याला निघाले तेव्हा आम्ही सांगितलं, "येताना काहीतरी कौटुंबिक आणा." काकांनी मुखपृष्ठावर लग्नाचा मंडप पाहिला आणि घेऊन आले. वाचायला लागल्यावर कळलं, नवरदेवाचं प्रेम आहे त्याच्या मित्रावर! आणि लाजेपोटी, घरच्यांच्या धाकानं तो बोहल्यावर चढतोय.

"बंद करा हो ते!" नलूताई ओरडल्या. पण सुरू केलेलं पुस्तक अर्धवट सोडायचं नाही, हा मंडळाचा नियम. तोही काकांनीच केलेला! काका घाम पुसत म्हणाले, "मंडप तर आहे ना त्यात!"

* * *

पुढच्या शनिवारी ते दोघं मित्र पहिल्यांदा एकमेकांना मिठीत घेतात तो प्रसंग आला, आणि तो नेमका काकांच्याच वाट्याला! काका खाकरले, सावरून बसले आणि त्यांनी वाचलं, "तदनंतर उभयतांमध्ये सविस्तर चर्चा झाली."

आम्ही चाट! पुस्तक ओढून पाहिलं तर काकांनी अख्खं पान गिळलेलं. झालं, त्या दिवसापासून नवा नियम. वाचणाऱ्याच्या शेजारच्यानं पुस्तकात डोकं घालून पहारा करायचा.

* * *

एकदा नलूताईंकडे वाचन चालू असताना शेजारच्या चड्ढा आंटी डोकावल्या. "क्या पढ़ रहे हो जी?"

नलूताई गडबडल्या. "शादी की कहानी है."

"अच्छा! लड़की कैसी है?"

"लड़की तो बहुत अच्छी है जी... बेचारी!"

आंटी तिथंच सोफ्यावर बसल्या. मराठीचं अक्षर कळत नव्हतं, तरी दर शनिवारी हजर! नवरीचं नाव कानावर पडलं की म्हणायच्या, "हाय, बेचारी!" मग कुणीतरी त्यांना हिंदीत पुढचं सांगायचं.

* * *

शिंदेवहिनी कँटोन्मेंटमधून यायच्या. साताऱ्याकडच्या, नवरा सुभेदार. कादंबरीतली बायको नवऱ्याला विचारते ना, "माझ्यात काय कमी आहे?" ते प्रकरण वाचता वाचता वहिनी ढसाढसा रडल्या. मग डोळे पुसून पुस्तक मांडीवर आपटलं.

"पोराला कशाला बोल लावायचा? सगळं ठाऊक असून लग्न लावणाऱ्या आईबापाचं कोर्ट मार्शल करा!"

सगळे खो खो हसलो. सुबोध तेवढा हसला नाही.

* * *

आता हा सुबोधचाच किस्सा. आमच्यात सगळ्यात तरुण. गुडगावच्या नव्या परदेशी कंपनीत नोकरी, नोएडाच्या नव्या सोसायटीत फ्लॅट. त्या फ्लॅटमध्ये त्याच्याबरोबर आलोक राहायचा, आधीच्या घरापासूनच. सुबोध म्हणायचा, "मित्र आहे." पण अकोल्याहून सुबोधची आई यायची म्हटलं की आलोक सामान उचलून गाझियाबादला बहिणीकडे! आम्हाला काय कळत नव्हतं? पण बोलणार कोण?

त्या खेपेला आई आली ती त्याचं लग्न ठरवायलाच. मुलगी फरीदाबादची, नलूताईंनी सुचवलेली. रविवारी सुपारी फुटायची होती, आणि आदल्या दिवशी हा आईला घेऊन मंडळात आला. चेहरा पांढराफटक. जीव तुटला हो माझा त्याला बघून!

कादंबरीचं शेवटचं पान, आणि वाचायची पाळी सुबोधची. एका बाजूला आई, दुसऱ्या बाजूला पहाऱ्याला मी. कादंबरीतली बायको माहेरी निघून गेलेली असते आणि आई मुलाला विचारते, "मग दुसरी मुलगी बघू ना?"

सुबोधनं वाचलं, "‘नको, आई. मला लग्नच नको. माझं माणूस माझ्या घरात आहे. तुझ्या भीतीनं मी दर वेळी त्याला घराबाहेर काढतो.’"

असलं काही पानावर नव्हतंच! पानावर होतं, "तू म्हणशील तसं." आणि त्याखाली ‘समाप्त’. पहारा माझा, पण मी पुस्तकातून डोकं बाहेर काढलं.

चड्ढा आंटींना राहवेना. "क्या बोला? फिर माँ ने क्या कहा?"

सुबोधच्या आईनं त्याच्या हातून पुस्तक काढून घेतलं. चष्मा लावला. त्या पानावर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, "आई म्हणाली, ‘आलोकला गाझियाबादहून बोलावून घे. फरीदाबादला नाही सांगायला मी जाते.’"