बर्फ आणि हातमोजे

फिरतीच्या नोकरीत किस्से साचतातच, जीपमधल्या धुळीसारखे. झटकले तरी निघत नाहीत. जीपमध्ये आम्ही तिघं: हृदयरोगावर संशोधन करणारे सर, ड्रायव्हर रफिकभाई आणि रक्ताच्या नळ्या सांभाळणारा मी.

जिथं तरुणपणीच हृदय मोठं होऊन माणसं जातात, अशी घरं शोधायची आणि रक्तातलं आरएनए तपासायचं, हे आमचं काम. हे आरएनए भलतंच नाजूक! उघडा हात लागला की तुटतं, उष्म्यानं नासतं. म्हणून हातमोजे आणि बर्फ.

बर्फ सिद्धेश्वर धरणावरच्या मासळीवाल्याकडून घ्यायचो. कनेरगाव नाक्यावर ढाबेवाल्यानं आमची बर्फाची पेटी हुंगून विचारलं, "मासळी कोन्ती?" मी म्हणालो, "रक्त आहे." त्यानं आमचं टेबल उचलून बाहेर बाभळीखाली ठेवलं!

कुरुंद्याच्या गयाबाईंचे दोन मुलगे असेच गेलेले. तिसरा, मिलिंद, अंगण ओलांडतानाही धापा टाकायचा. सरांनी हातमोजे चढवले आणि बाई कडाडली, "मोजे काहून? आमाला शिवायचं न्हाई का?"

सरांनी मोजे काढले, शेजारी बसून चहा घेतला. "मावशी, आमच्याच हातानं ते नासतं."

"सायेबाचे हात घान! पहिल्यांदाच ऐकून राहिले!" ती खूप दिवसांनी हसली म्हणे. गल्लीत दाखवायला मोज्यांचा एक नवा जोडही मागून घेतला.

मग सर रंगात आले. "तिन्ही पोरांत दोष तोच. पण तो कधी जागा होईल, हे आरएनएवर असतं. घरातल्या बटनासारखं."

"मग बटन कोनाच्या हातात?"

सर रिकामा कप पुन्हा तोंडाला लावत राहिले.

मिलिंदचं रक्त घेऊन परतताना जीप बंद पडली आणि बर्फाचं पाणी झालं. "साब, बर्फ ने धोका दिया," रफिकभाई पुटपुटले. नमुना नासला होता. सरांनी गावातल्या फोनवर मिलिंदला बोलावून घेतलं आणि बर्फ वितळून रक्त नासलं, पुन्हा घ्यायला येतो म्हणाले. तो म्हणाला, "या ना सर. मी कुठं चाललो?"

आम्ही पोचलो तेव्हा अंगण माणसांनी भरलं होतं, पण सगळे लांब उभे. मधे चटईवर मिलिंद होता आणि त्याच्या चहूबाजूंनी बर्फ रचलेला. सख्ख्या बहिणीलाही गयाबाई जवळ येऊ देत नव्हती. "हात लावू नका! नासतं ते! सायेब येऊन राहिले!"

तिच्या हातात तेच मोजे होते. ती लेकराच्या केसांवरून हात फिरवत होती.

सरांकडं बघून म्हणाली, "सायेब, म्या उघडा हात न्हाई लावला."