बागेखालची टाकी

आमच्या नोएडाच्या सोसायटीत पाऊस पडला की रस्त्याचं पाणी थेट तळमजल्यावरच्या घरांत शिरायचं. आमच्या खालच्या फ्लॅटमधल्या काकू खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणाला खिळलेल्या. मागच्या पावसाळ्यात काकांनी त्यांच्या पलंगाखाली विटा रचल्या होत्या. ते बघूनच मी बागेखाली पावसाच्या पाण्याची टाकी बांधायचा हट्ट धरला. टाकी उन्हाळ्यात बांधून झाली, पण बाग खोदली म्हणून निम्मे शेजारी माझ्याशी बोलेनासे झाले.

यंदा जुलैतल्या एका दुपारी पाऊस असा कोसळला की समोरची इमारत दिसेना. खिडकीतून पाहिलं तर पाणी बागेखालच्या टाकीत उतरायचं सोडून काकांच्या पायरीला लागलेलं. मी धावत खाली गेले. काका दाराच्या फटीत जुन्या चादरी कोंबत होते. काकूंना वर आमच्याकडे न्यायचं म्हटलं, तर लिफ्ट बंद, आणि उचलून न्यायला डॉक्टरांची सक्त मनाई.

आतून काकूंचा आवाज आला. "माझं राहू द्या. आधी टाकीचं तोंड बघा."

गुडघाभर पाण्यातून आम्ही दोघं बागेच्या कोपऱ्यात गेलो. पाणी टाकीत उतरतं ती लोखंडी जाळी तिथेच होती. पायाने चाचपडलं तर काहीतरी ताणलेलं, खरखरीत लागलं. आदल्या रात्री सोसायटीत झालेल्या देवीच्या जागरणाच्या मंडपातलं हिरवं कार्पेट वाहत येऊन जाळीवर बसलं होतं. खालच्या ओढीने ते घट्ट चिकटलेलं. ओढताना काका घसरले आणि कमरेपर्यंत पाण्यात बसले. मी त्यांचा दंड धरला.

"जाळी पक्की बसवलीय ना? नाहीतर आपणच आत जाऊ," ते म्हणाले.

मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं. ते पुन्हा वाकले.

आम्ही एका कडेने कार्पेट गुंडाळत आणलं. निम्मं सुटलं तसा पायापाशी भोवरा फिरू लागला आणि जमिनीखालून पाणी कोसळल्याचा पोकळ आवाज आला. जाळी हलली नाही. पायरी उघडी पडली तरी पाऊस थांबेना. टाकी भरली तर पाणी पुन्हा चढणार होतं. संध्याकाळी सर ओसरल्यावर झाकण उचलून पाहिलं, तेव्हा पाणी टाकीच्या काठापासून वीतभर खाली होतं.

पाणी काकांच्या हॉलपर्यंत आलं होतं, काकूंच्या खोलीत नाही. काका तसेच निथळत पलंगाशी खाली बसले आणि त्यांना रडू आलं. काकूंनी त्यांच्या ओल्या डोक्यावर हात ठेवला आणि मला टॉवेल आणायला सांगितलं.