मोठी माय आणि चिचगडला न पोचलेलं औषध

मोठी माय आज सकाळी गेली. तिनं मागितलेलं औषध अजून तयार नाही.

मोठी माय म्हणजे माझ्या बाबांच्या मोठ्या भावाची बायको. चिचगडजवळच्या आमच्या टोल्यावर, म्हणजे छोट्या वस्तीवर, तिच्या आवाजाला सगळे टरकून असायचे.

१९९९ चा उन्हाळा. जंगलात चार, म्हणजे चारोळीची फळं, पिकली होती. आम्ही पोरी दिवसभर दगडानं चारीच्या बिया फोडायचो आणि आतली चारोळी खायचो.

मोठ्या मायच्या अंगणात तेलासाठी एरंडीच्या बिया वाळत होत्या. तिच्या एकुलत्या एका लेकीनं, सहा वर्षांच्या सुनीनं, त्याही तशाच फोडल्या.

आत पांढरा गर निघाला. तिनं खाल्ला.

बी अख्खी गिळली असती तर कदाचित तशीच बाहेर पडली असती. फोडून चावली की विष मोकळं होतं. हे मला फार उशिरा, लॅबमध्ये कळलं.

संध्याकाळपासून उलट्या. देवरीच्या दवाखान्यात जायला बस सकाळची. डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि हळूच म्हणाले, "लवकर आणायला पाहिजे होतं."

दोन दिवसांनी सुनी गेली.

ते वाक्य मोठ्या मायनं जिवाला लावून घेतलं. अंगणातली एरंडी उपटली, शेजाऱ्यांचीही उपटली, भांडणं ओढवून घेतली. देवरीच्या बसमध्ये ती पुन्हा कधी बसली नाही.

पुढे मी पुण्याला पीएचडीला लागले. आणि नशीब बघा, विषय मिळाला तो एरंडीच्याच विषाचा. घरी सांगायला जीभ रेटेना.

एका दिवाळीत तिनंच विचारलं, "तिकडं पुण्याले काय करून रायली वो तू?"

सांगितलं.

"या विषाचे दोन भाग रायतात, मोठी माय. एक आपल्या पेशीचं दार उघडते. दुसरा आत घुसून चूल मोडते. चूल मोडली की पेशी मरते."

"मंग?"

"उंटाच्या रक्तात एकदम लहान अँटिबॉडी सापडते. तसलीच आमी बनवून रायलो. लहान हाय म्हणून ते विषाच्या बेचक्यात जाऊन बसते, अन् दार उघडणाऱ्याचा हात धरते. मंग विष बाहेरच रायते."

"अन् आत गेल्यावर?"

"आत गेल्यावर तिचं काई चालत नाई."

ती तांदूळ निवडत राहिली.

"मंजे उशीर झालाच होता."



"तू उडत गेली असती तरी हे औषध तिथं नवतं, मोठी माय. देवरीत नाई, नागपुरात नाई, अमेरिकेत नाई. आजही फक्त उंदरावर चालू हाय. तू नाई चुकली."

ती रडली. मोठ्या मायला मी पहिल्यांदाच रडताना पाहत होते.

मग नाक पुसून नेहमीच्या आवाजात म्हणाली, "फ्रिज लागते का त्याले?"

"या लहान अँटिबॉडी गरमी सहन करतात. बहुतेक नाई लागणार."

"मंग चिचगडले ठेवजो. देवरीले नोको."

"अजून लय वर्षं लागतील."

"मले कायले वर्षं सांगून रायली? इथं लाइट रायत नाई, बस रायत नाई. पोरगं उलट्या करून रायलं तं माय कोठं जाईल?"



त्यानंतर फोनवर माझी तब्येत नाही, जेवण नाही, लग्नाचा विषयसुद्धा नाही. पहिला प्रश्न ठरलेला. "उंदरं काय म्हनून रायले?"

"वाचून रायले, मोठी माय."

"मंग मानसाले द्या ना!"

मागच्या महिन्यात ती अंथरुणाला खिळली होती. तेव्हा तिला फोनवर एक गोष्ट सांगितली. आमच्या अँटिबॉडींना नुसते नंबर असतात. पण जी विषाला सगळ्यात घट्ट धरते ना, तिला मी सुनी म्हणते.



"घट्ट धरते?"

"हो. सोडतच नाई."

"माही पोरगी तशीच होती वो. माहा पदर सोडे नाई."

मोठी माय, औषधाला अजून वेळ आहे. आलं की आधी चिचगडला.

तुला माझा अखेरचा जोहार.