आमच्या साडूंचा प्रचार

विधानसभेला उभं राहून मतदाराला एकही खोटं आश्वासन न देणारा माणूस अवघ्या बुलढाणा जिल्ह्यात शोधला तर एकच सापडेल, आणि तो नेमका माझा साडू आहे. बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. निवृत्तीनंतर माणसं शेगावच्या वाऱ्या करतात, गुडघ्यांना तेल लावतात. यांनी अपक्ष म्हणून अर्ज भरला. कारण एकच. पट कमी झाला म्हणून त्यांच्या गावची शाळा बंद करून शेजारच्या गावातल्या शाळेत विलीन करायचं घाटत होतं. "लेकरानं कायले तंगडतोड करावी? शाळा लेकरापर्यंत आली पाहिजे," एवढंच त्यांचं शैक्षणिक धोरण. ते इतकं सोपं होतं, की कुणी मनावर घेतलं नाही.

प्रचाराबद्दल त्यांची मतं याहून कडक. गाडी नाही, भोंगा नाही, कारण "भोंग्याले उलटा प्रश्न इचारता येत नाही." चिन्ह मिळालं शिट्टी, पण ती त्यांनी एकदाही वाजवली नाही. दुपारी माणसं जेवून आडवी झालेली असतात, त्यांची झोप मोडून मत कसं मागायचं? एखाद्या ओट्यावर बसले की तासभर उठायचे नाहीत. समोरचा लगेच "मत तुमालेच" म्हणाला की नाराज व्हायचे. त्यानं निदान एक तरी शंका काढावी, अशी त्यांची अपेक्षा. बाकीच्या उमेदवारांनी सगळा मतदारसंघ पालथा घातला, तेवढ्या दिवसांत यांची अडीच गावं झाली. आमचं वडनेर भोलजी राहूनच गेलं. मी फोनवर आठवण केली तर म्हणाले, "तिथं मी कायले येऊ? तुमी दोघं हायेच न."

त्यांची एकुलती एक सभा त्यांच्याच गावच्या पारावर झाली. बाकीचे उमेदवार दिसेल ती पट्टी माफ करत सुटले होते. हे उभे राहिले आणि म्हणाले, "घरपट्टी माफ होनार नाही. ते भराच. काडीपेटी घेतली तरी तुमी सरकारले कर देता, मंग शाळा काऊन बंद करता हे इचारायले लाजता काऊन बे?" समोर बसलेला गावचा शिंपी, मास्तरांचा जुना विद्यार्थी, कळवळून ओरडला, "सर, दूसरी बात अभी बोलो, पहली जीतने के बाद!" सभा हसली. साडूही हसले, पण शब्द मागे घेतला नाही.

मतदानाच्या दिवशी यंत्रासमोर उभा राहिलो आणि मनात आलं, हे काही निवडून येत नाहीत, मत वाया कशाला घालवा? ज्याचं पारडं जड, त्याचं बटण दाबलं. बायको तर यांनाच देणार, सख्ख्या बहिणीचा नवरा आहे, अशी मनाची समजूतही घातली.

निकालानंतर साडू घरी आले. हातात बूथवार मतांचा कागद होता. आमच्या बूथवर त्यांच्या नावापुढे भोपळा. मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे. "मले वाटलं, तुमी तं देसानच," ती पुटपुटली. आयुष्यात इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. "एका मतानं तुम्ही थोडेच निवडून आला असता," असं काहीतरी मी बोललो.

"निवडून येत नव्हतो, हे मले बी ठाऊक व्हतं," ते शांतपणे म्हणाले. "पण शाळा बंद करू नका, असा अर्ज घेऊन शिक्षणाच्या साहेबाकडे जाऊन राह्यलो. वडनेरातले लोकंही आमच्यासंगं हायेत, असं सांगाचं व्हतं. आता कोन्या तोंडानं सांगू?" मग बायकोनं दिलेले पोहे त्यांनी ताटली पुसून खाल्ले आणि बसस्टँडकडे निघाले.

शाळा यंदा बंद झाली. साडू रोज सकाळी गावच्या लेकरांसोबत शेजारच्या गावातल्या शाळेपर्यंत पायी जातात. परवा मी मुद्दाम पहाटेच निघून त्यांच्या गावी गेलो आणि त्या रांगेत सामील झालो. त्यांनी एका पोरीच्या पाठीवरचं जड दप्तर काढून माझ्या हातात दिलं आणि चालू लागले.