आधण कोणासाठी ठेवलं?

मंडळी, आज दुपारी आमच्या घरात तुरीच्या वरणाचं आधण उकळलं आणि माझा जीव भांड्यात पडला.

शेताच्या वाटणीवरून बाबांशी बिनसल्यापासून धाड गावचे काका आमच्या देऊळघाटच्या घरी जेवले नव्हते. आज मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन आले. चहा घेतला, पत्रिका दिली अन् लगेच पिशवी उचलली. बाबांची मान पेपरातून वर निघेना.

आईनं जेवायचा आग्रह केलाच नाही. केला असता तर काका नाहीच म्हणाले असते. ती गुपचूप आत गेली आणि वरणासाठी पाणी गॅसवर चढवलं. या उकळायला ठेवलेल्या पाण्यालाच आधण म्हणतात. आणि आमच्याकडची रीत अशी, की आधण ठेवल्यावर पाहुण्यानं उठायचं नसतं.

झाकण खडखडायला लागलं. काका दारातच थांबले.

"वयनी, आधण कोनासाठी ठेवलं?"

"तुमच्यासाठीच, भाऊजी. आता कसे जाता?"

काकांनी पिशवी खाली ठेवली. बाबांनी पेपर बाजूला सारला. "बस बे. अन् ठेचा जास्त कर व, याले लागते."

जेवणं झाल्यावर मी मुद्दाम शब्द शोधला. आधणाचं मूळ संस्कृतातल्या 'आदहन' मध्ये, म्हणजे जाळण्यात आहे, असं सापडलं. असेल बापा. आईच्या लेखी त्याचा अर्थ एकच, जेवूनच जायचं.

तुमच्या घरी कोण जेवायचं राहिलंय? विचारत बसू नका. आधण ठेवा.